दोन रेघांमधलं अंतर

"पगार नको, रजा नको, वेळच्या वेळी तेल तेवढं पाहिजे. तरी बाईसाहेबांचे नखरे बघा," ओढ्या यंत्राच्या जबड्याशी तोंड नेऊन पुटपुटला. "चार दिवसांची पाहुणी आहेस इथे. आता तरी नीट धर."

यंत्राने ऐकलं नाही. वरचा जबडा वर सरकला तशी पट्टी त्यातून सुळकन निसटली आणि खालच्या जबड्यात लोंबकळत राहिली. ओढ्याने ती काढली, शर्टाच्या बाहीला पुसली, जबड्यातल्या खाचांवर फुंकर मारली आणि पुन्हा लावली.

खिडकीजवळच्या टेबलावर सूनबाई काचेवरून पट्ट्या कापण्यासाठी ओतलेली फिल्म सोलत होती. आधी पात्याने एक कोपरा उचलायचा, मग पातं बाजूला ठेवून नखाने, आणि त्यापुढे नुसत्या धीराने. घाई केली की फिल्म ताणली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. ही फिल्म खरं तर आता कोणालाच नको होती. पण ओतून झाली होती, कपाटात मुरून झाली होती. तशीच केराच्या डब्यात टाकायला तिचा हात धजेना.

"ती कशाला सोलतेस?" ओढ्याने मान न वळवता विचारलं.

"काचा परत करायच्यात."

"मग खरवडून काढ की. तान्ह्या बाळाचा लंगोट सोडवल्यासारखं काय चाललंय?"

"तू तुझ्या बाईसाहेबांशी बोल," सूनबाई म्हणाली.

ओढ्या हे काही त्याचं नाव नव्हे. पण इतकी वर्षं पट्ट्या तुटेपर्यंत ओढायचं काम केल्यावर माणसाला दुसरं काय चिकटणार? आणि सूनबाई हे तरी कुठे नाव होतं! ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख आपले सासरे, तिथेच लग्नानंतर नोकरीला लागलं की असं होतं. रसायनं पुरवणारा माणूससुद्धा फोनवर "सूनबाई आहेत का?" असंच विचारायचा. सासरे छातीच्या दुखण्याने घरी बसले त्यालाही बराच काळ लोटला. ते घरी गेले, नाव मात्र इथेच कामाला राहिलं.

सगळं सुरू झालं ते सासूबाईंच्या गुडघ्यापायी. त्या जिन्यात घसरल्या, हातातली बादली वर आणि त्या खाली, आणि गुडघ्याच्या आत हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा तुटला. डॉक्टर म्हणाले, मांडीतला एक तुकडा काढून तिथे जोडू. अण्णा, म्हणजे सासरे, तेव्हा ऐन भरात होते. "इथलं कापून तिथे लावायचं, हे काय शिंपीकाम आहे?" ते म्हणाले होते. "मी पट्टी करतो. आयुष्यभर ताणली तरी परत जागेवर येईल अशी. थोडी थांबशील ना?" सासूबाई हो म्हणाल्या. ही गोष्ट घरात हौसेने सांगितली जायची. आधी अण्णा सांगायचे, मग मुलगा सांगायला लागला. सासूबाईंनी ती स्वतः कधी सांगितली नाही. पाहुण्यांसमोर ती निघाली की त्या पाणी आणायला उठायच्या, आणि उठताना गुडघ्याचा कट्ट असा आवाज यायचा.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अण्णांनी सूनबाईला आणि ओढ्याला समोरासमोर उभं केलं होतं. "एकेक बोट अडकवा. आता ओढा." बोटं चटकन सुटली. "आता दहाच्या दहा अडकवा. ओढा." दोघंही लाल झाली, पण बोटं सुटेनात. "ही आपली पट्टी," अण्णा म्हणाले. "लांबच लांब साखळ्या. प्रत्येक साखळीत एक मऊ तुकडा, एक कडक तुकडा, पुन्हा मऊ, पुन्हा कडक. मऊ ताणले जातात. कडक तुकडे शेजारच्या साखळीतल्या कडक तुकड्यांना बोटं अडकवून बसतात. डिंक नाही, टाका नाही. नुसता हायड्रोजनचा बंध. एकटा असला तर फुंकरीने सुटेल, हजारो मिळून बसले तर हत्ती टांगा."

हातावर पाणी ओतून मग ओढा, असं तेव्हा कोणी म्हणालं नाही.

ते पाणी आता कोपऱ्यातल्या टाकीत होतं. माणसाच्या अंगाइतकं कोमट. त्यात पट्ट्या टांगलेल्या असत, प्रत्येकीच्या खाली वजन, आणि प्रत्येकीवर शाईच्या दोन आडव्या रेघा. या रेघा एकाच शिक्क्याने उमटायच्या. शिक्का अण्णांनी स्वतः पितळेत कोरून घेतला होता. माणसाने फूटपट्टी धरून रेघा मारल्या की त्या त्याच्या मनासारख्या येतात, असं त्यांचं म्हणणं. शिक्क्याला मन नसतं. पट्टी ताणली की रेघा लांब जातात, सोडली की जवळ येतात. बाहेर, कोरड्या हवेत, त्या नेहमी जवळ यायच्या. टाकीत मात्र रोज केसभर खाली सरकायच्या, आणि वजन काढल्यावरही पुरत्या वर यायच्या नाहीत.

कारण पाण्यालाही बोटं अडकवायची तीच सवय. ते मध्ये शिरतं. कडक तुकडे एकमेकांना सोडून क्षणभर त्याला धरतात, वजनाने साखळी जराशी घसरते, आणि मग ते पुन्हा एकमेकांना धरतात. पण जिथे होते तिथे नाही, घसरले तिथे. पट्टी तुटत नव्हती, हेच वाईट होतं. तुटली असती तर निदान भांडता आलं असतं. ती नुसती आपली लांबी विसरत होती. गुडघ्यात बसवली असती तर वर्षभरात पाय पुन्हा मोकळाच.

कडक तुकडे वाढवून पाहिले, तर पट्टी फूटपट्टीसारखी ताठ झाली. कमी केले, तर लेचीपेची. दोन्ही हातांनी धरणारे दुसऱ्या जातीचे तुकडे घातले. त्यांनी तग धरला, अण्णांनी घरी बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या, आणि उन्हाळा सरता सरता त्याही रेघा उतरल्या. तोवर वरचे लोक कंटाळले होते. प्रयोगशाळा बंद. यंत्र पट्टे बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात जाणार, ओढ्या त्याच्या मागोमाग. सूनबाईचा नवरा कधीच दुसऱ्या शहरात नोकरीला गेला होता आणि "इथलं आटपलं की येते" या वाक्यावर दोन घरं चालली होती.

आटपलं होतं. फक्त अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी ओढ्याने टाकी रिकामी केली. पट्ट्या काढल्या, भट्टीत सुकवल्या, ट्रेमध्ये घातल्या आणि तो ट्रे सूनबाईच्या टेबलावर आणून ठेवला, कपाटातल्या कोऱ्या पट्ट्यांच्या ट्रेशेजारी. ती नुकतीच फोन घेऊन खिडकीकडे वळली होती.

"सांगितलंस का?" पलीकडून नवऱ्याने विचारलं.

"तू सांग. वडील तुझे."

"काम तू केलंस त्यांच्याबरोबर. मला त्यातलं काय कळतं?"

"पट्टी लांब होते. एवढंच कळायचं आहे."

"फोनवर सांगू असं? त्यांच्या फुप्फुसांचं तुला माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले ते माहीत आहे. आहेत तेवढे दिवस राहू दे ना."

"तेवढे म्हणजे किती?"

नवरा म्हणाला, "इथे स्वयंपाकघराला खिडकी आहे. तू म्हणाली होतीस ना, खिडकी हवी."

"ठेवते," सूनबाई म्हणाली. खांद्याने फोन धरूनच तिने ट्रेमधली एक पट्टी उचलली, ओल शोषणाऱ्या पुडीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. रोज एक कोरी पट्टी घरी जायची. हात आता न बघता ते काम करत.

"घरी काय सांगणार?" ओढ्याने विचारलं. त्याने यंत्राला फडकं गुंडाळायला घेतलं होतं.

"कालचंच."

"काल काय सांगितलंस?"

"परवाचं."

ओढ्या हसला, आणि मग फडक्याची गाठ मारायच्या निमित्ताने पलीकडे वळला.

घराचं दार उघडलं की आधी ऐकू यायचं ते प्राणवायूचं यंत्र. जुन्या फ्रिजसारखं घुर्रघुर्र, मध्येच एक सुस्कारा. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसलेले, नाकाशी नळी, मांडीवर चष्म्याचं घर. फुप्फुसं ताठ होत चालली होती. "कडक तुकडा जास्त झालाय," असा विनोद त्यांनीच डॉक्टरांपुढे केला होता. डॉक्टर हसले नव्हते.

"आली का?" त्यांनी विचारलं. सुनेबद्दल की पट्टीबद्दल, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"आले, अण्णा. हात धुते."

न्हाणीघरात सासूबाई वाकून गरम पाण्याच्या नळाशी काहीतरी करत होत्या. या घरात टाकून दिलेल्या पट्ट्या कधी टाकून दिल्या गेल्या नाहीत. कपाटातल्या डब्यांच्या झाकणांवर त्या होत्या, खिडकीच्या सैल कडीला होत्या, औषधांच्या पाकिटांभोवती होत्या. आणि एक इथे, नळाला रबरी नळी आवळून धरायला. सासूबाईंनी तिची गाठ सोडली, ओढून पुन्हा मारली, दातांनी घट्ट केली. मागेही कितीदा तरी सूनबाईने त्यांना हेच करताना पाहिलं होतं. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

"बस जा त्यांच्याजवळ," सासूबाई म्हणाल्या. "दुपारपासून चारदा विचारून झालं. माझी वाट कधी पाहिली नाही एवढी."

सूनबाईने स्टूल खुर्चीजवळ ओढलं आणि पिशवी अण्णांच्या हातात दिली. पिशवी उघडण्याचा मान त्यांचा. त्यांनी पट्टी काढली, नाकाजवळ नेली, उजेडात धरली.

"मुरली नीट?"

"पुरे आठ दिवस."

"घाई नको कधी. ओतल्या ओतल्या बोटं सापडत नाहीत एकमेकांची. चाचपडत असतात बिचारी." एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली. ती बसेपर्यंत दोघंही पट्टीकडे बघत राहिली.

मग त्यांनी दोन अंगठ्यांत पट्टी अडकवली आणि ओढली. पूर्वी हात छातीपासून लांब जात, आता कोपर खुर्चीच्या हातावर टेकून जेमतेम वीतभर. सोडली. चट्.

"आली परत," ते म्हणाले.

"आली," सूनबाई म्हणाली.

रोजचा खेळ इथे संपायचा. अण्णा पट्टी खिशात घालायचे, टाकीतल्या पट्ट्यांची विचारपूस करायचे, ती "चालू आहे" म्हणायची आणि सासूबाई चहा आणायच्या. पण आज त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली, मऊ फडक्यात, एक पिवळट झालेली पट्टी होती. दोन्ही हातांनी धरणाऱ्या तुकड्यांची पहिली पट्टी. त्यांनी ती गुडघ्यावर सरळ केली आणि तिच्यावर आजची ठेवली, वरची रेघ वरच्या रेघेवर.

खालच्या रेघा जुळल्या नाहीत.

फार नव्हतं अंतर. नखाएवढं असेल. सूनबाईच्या डोळ्यांसमोर दोन ट्रे आले, शेजारी शेजारी, आणि खांद्यावरचा फोन. सुकल्यावर फरक कळत नाही. पाणी गेलं की बोटं पुन्हा घट्ट बसतात, पट्टी पुन्हा चट् म्हणून परत येते. हाताला काही कळत नाही. रेघांना कळतं.

अण्णांनी चष्मा लावला. काढला. काच पुसली आणि पुन्हा लावला. आजची पट्टी उचलून त्यांनी उलटी केली, खालची रेघ खालच्या रेघेवर ठेवली. आता वरच्या जुळेनात. यंत्राने एक सुस्कारा सोडला.

"रेघा कोण उमटवतं हल्ली?" त्यांनी विचारलं.

"ओढ्याच."

"हं." त्यांनी बोटाने ती नखाएवढी जागा झाकली. "हात हलला असेल त्याचा. वय झालं त्याचंही."

शिक्का एकच. दोन्ही रेघा एकदम उमटतात. हात हलला तर शाई फिसकटेल, अंतर बदलणार नाही. हे अण्णांनीच शिकवलं होतं. सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. तिथे समोरच्या घराची भिंत होती, आणि भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "हलला असेल."

"सांग त्याला."

"सांगते."

जुनी पट्टी फडक्यात गेली. नवी मात्र त्यांनी मुठीत धरून ठेवली. सूनबाईला वाटलं, आता म्हणतील, जमलं नाही. तेच म्हणतील, आणि मग सगळ्यांचं काम होईल. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तिची बॅग उभी होती. गेले कित्येक महिने ती तिथे उभी होती आणि तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे.

"एक करू," अण्णा म्हणाले आणि तिच्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती. नवा घाणा घालायच्या आदल्या दिवशी यायची ती. "कडक तुकडा थोडा वाढवू. थोडासाच, पट्टी ताठ होणार नाही इतपत. आणि मुरायला महिना देऊ. आठ दिवस काय देतेस, महिना दे! पाणी शिरायच्या आधी सगळ्यांना जागा सापडली पाहिजे. एवढंच राहिलंय. अगदी हातातोंडाशी आलंय गं." धाप लागली. त्यांनी हात वर करून तिला बोलू नको अशी खूण केली, श्वास गोळा केला. "सहा महिने. फार तर वर्ष. थोडी थांबशील ना?"

सूनबाईने बॅगेकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या स्वयंपाकघराला खिडकी होती. ओढ्याने यंत्राला फडकं बांधलं होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं त्यात सहा महिने कुठेच बसत नव्हते.

"थांबते ना," ती म्हणाली.

"नाही थांबणार ती."

सासूबाई दारात उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, कारण गुडघ्याचा भरवसा नसे. दुसऱ्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"तू मध्ये पडू नकोस," अण्णा म्हणाले. "कामाचं बोलतोय आम्ही."

"माझ्या गुडघ्याचं बोलताय." त्या आत आल्या. कट्ट, आणि पुढचं पाऊल. कट्ट, आणि पुढचं. खुर्चीपाशी येऊन त्यांनी ओली मूठ अण्णांच्या मांडीवर उघडली. न्हाणीघरातली पट्टी होती ती, नळाची. लांब, ढिली, गाठीगाठींनी भरलेली. शाईच्या दोन रेघा तिच्यावर अजून दिसत होत्या, भांडण झालेल्या शेजाऱ्यांसारख्या हातभर दूर.

"अगं, ही कुठली घेऊन आलीस?" अण्णा म्हणाले. "ही जुन्या घाण्याची. ही कच्ची होती."

"त्याच्या आधीची लावली होती. तीही कच्चीच असेल. तिच्या आधीचीही." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. दूध नासलंय हे सांगताना जेवढा असतो, तेवढाच होता. "तुम्ही नवी आणलीत की एक डब्याला लावते, एक नळाला. डब्याची गाठ मी आजवर सोडली नाही. नळाची दर आठवड्याला आवळते."

अण्णांनी मांडीवरची पट्टी उचलली नाही. तिच्यातलं पाणी त्यांच्या पायजम्यात झिरपत होतं. सूनबाई ती उचलायला पुढे झाली, तर सासूबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात ओला होता, आणि पकड घट्ट.

"बोलली का नाहीस इतकी वर्षं?" अण्णांनी विचारलं. फार हळू.

"तुम्ही आनंदात असायचात."

यंत्र घुर्रघुर्रत राहिलं. सासूबाई खाली बसल्या. एका बाजूला कलून, हाताने मांडी धरून, जमिनीवर, नवऱ्याच्या पायांशी. बसायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, आणि आज कोणी आधार द्यायला पुढे झालं नाही.

"थांबशील ना, असंच विचारलं होतंत मला," त्या म्हणाल्या. "मी हो म्हणाले. डॉक्टर म्हणतात आता हाडच झिजलं, आता काही बसवून उपयोग नाही. ते असू दे. माझं झालं. हिला जाऊ द्या."

"पण आता फक्त थोडंसंच..." अण्णांची मूठ उघडली होती. तिच्यात आजची पट्टी होती, कोरडी, नखाएवढी लांबलेली. त्यांनी ती पुन्हा अंगठ्यांत अडकवली, पण ओढली नाही. "थोडंसंच राहिलं होतं."

सासूबाईंनी ती त्यांच्या अंगठ्यांतून सोडवून घेतली. एक अंगठा, मग दुसरा.

"पाण्यात ते धरत नाही हो," त्या म्हणाल्या. "कधीच धरलं नाही."